आटे

लाटवणाच्या चढावर, पहाटे तीनला,
मागचं डावं चाक बसलं.
गाडीत बाराशे किलो बांगडा, वर बर्फ.
पाचातले चार नट शिव्या खाऊन सुटले.
पाचव्यावर मी पाना लावून उभा राहिलो,
अख्खा बहात्तर किलोचा मी, फाळक्याची कडी धरून,
नमनाला आलेल्या खेळ्यासारखा उड्या मारत.
पाना घसरला नाही. नट फिरला नाही.
स्टडच तुटला,
अडकित्त्यात सुपारी, तसा एकच आवाज.
चाक मात्र निघालं.
चार नटांवर, चाळीसच्या वर काटा न नेता, पोचलो;
तोवर बांगडा अर्ध्या भावाचा झाला होता.

हर्णैला येऊन तुटका स्टड
गनी होडेकरच्या टेबलावर ठेवला,
पडलेला दात डॉक्टरपुढे ठेवावा तसा.
त्याने तो उजेडात फिरवला.
"बंदीत गाडी कुठे होती?"
घरामागे. ताडपत्रीखाली. दोन महिने.
"आणि त्याआधी?"
त्याआधी रोज पुळणीत, लिलावाला,
चाकं लाटेत.
तो काहीच बोलला नाही. हे वाईट असतं.

मी म्हटलं, आता ग्रीस थापतो. बोटभर.
"थाप. मग घाटात चाक तुझ्या पुढे निघालं
की हात हलवून निरोप दे."

कोरड्या आट्यावर, तो म्हणाला,
पाना सांगतो, बस आता.
तेलावर पाना मुका.
तू आवळतोस, नट येतो, आवळतोस, येतो,
आणि आत स्टड ताणत जातो, चड्डीच्या नाडीगत.
कंपनीचा आकडा कोरड्याचा आहे.

बाकावर मोरेश्वर पावसे बशीत चहा ओतत होता.
"कंपनी पुण्याला. तिथे खारं वारं आहे का?
माझ्या ट्रकला बावीस वर्षं काळं ग्रीस.
एक चाक गेलं नाही."
"गेलं असतं तर बशी कोण धरणार होतं?" गनी म्हणाला.

दोघं भांडत राहिले. मला बाबा आठवत होते.
खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी
ते सगळे नट काढून डालडाच्या डब्यात
घासलेटात बुडवायचे.
मी टॉर्च धरायचो, डास मारायचो, टॉर्च हलायची,
"नीट धर रे."
सकाळी पाना, जॅक, झेंडू, हळद.
मधे काही लावायचे का आट्यांना?
तेवढंच नेमकं आठवत नाही.
विचारायला ते नाहीत.

गनीने तारेच्या ब्रशने आटे घासले,
पितळ वाटावं इतके.
काडेपेटीच्या काडीवर चंदेरी लेप घेतला, मुगाएवढा,
लावला, आणि लगेच चिंधीने पुसून टाकला.
"मग लावला कशाला?"
"पुसून उरतं तेवढंच हवं.
आणि नट बसतो ती वाटी कोरडी. तिथे थेंब दिसला
तर माझ्याकडे येऊ नको.
पान्याला पाइप जोडायचा नाही.
नेहमीपेक्षा थोडं कमी आवळ.
पन्नास किलोमीटरवर थांबून बघ.
आणि बंदीत महिन्यातून एकदा उघड रे,
पाहुणे आले नाहीत तरी दार उघडतोच ना आपण."

मंडणगडाच्या पुढे थांबलो.
बर्फ गळत होता, मागचा एसटीवाला हॉर्न देत होता.
चार नट जागचे हलले नाहीत.
पाचवा, नवा,
पाव आटा आला.

हा कुणाच्या बाजूचा पुरावा, मला कळेना.
हाताला घासलेटाचा वास होता.
पाना सीटखाली सरकवला आणि निघालो.