आमोण्याच्या धक्क्यावरचा आकडा

खाणी बंद पडल्या त्या वर्षी
आमोण्याच्या धक्क्याजवळ एक बार्ज चिखलात बसली,
ती बसलीच.
तिच्या डाव्या कुशीवर बाबांनी तांबड्या रंगात
आठ अंक काढले होते.
नोंदणीचे नव्हेत. ते पुढे होते, काळे, सरकारी.
हे केंकरे मास्तरांनी सांगितलेले:
७३९३९१३३.
सात कोटी एकोणचाळीस लाख
एकोणचाळीस हजार एकशे तेहतीस.
मजुरी म्हणून एक बाटली हुर्राक
आणि माझ्या दहावीच्या शिकवणीची फी माफ.

"मूळ संख्या आहे. कशानेच निःशेष भाग जात नाही.
आठ हजार पाचशे अठ्ठ्याण्णवपर्यंतच्या
सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहिलंय मी,
जुन्या पासबुकांच्या पाठीवर."
बाबा ब्रश धूत म्हणाले, "बरं. मग?"
"मग काही नाही. बघत राहा."

बार्जचा मागचा भाग खचत गेला.
भरतीचं खारं पाणी उजवीकडून अंक खाऊ लागलं.
शेवटचा तीन गेला. ७३९३९१३.
घरी येऊन भागून पाहिलं: मूळ.
पुढचा तीन पोपडा होऊन पडला. ७३९३९१. मूळ.
इनास सुकाणूवाला पोर्तुगालचे कागद करून
स्विंडनच्या गोदामात रात्रपाळीला गेला.
७३९३९. मूळ.
आमच्या बागेचा दावा डिचोलीच्या कोर्टात निघाला:
चौदा माड, पाच वाटेकरी, बाकी चार.
त्या चार माडांवरून काका आमच्याशी बोलेनासे झाले.

एकदा मी मास्तरांना विचारलं,
उजवीकडे आणखी एक अंक लिहिला तर?
"एक लिही, तिनाने भाग जातो.
सात लिही, तरी तिनानेच.
तीन आणि नऊनी माझा अख्खा उन्हाळा खाल्ला,
शेवटी तेही तुटले.
याच्यापुढे वंश नाही."
मास्तरांना मूलबाळ नव्हतं.
ते मी म्हटलं नाही, त्यांनीही नाही.

७३९३.
७३९.
मास्तर तोवर कानांनी गेले होते.
मी ओरडून सांगितलं, "सर, आता त्र्याहत्तर!"
त्यांनी बोटाने हवेत दोन चौकोन काढले,
एक मोठा, एक लहान.
आठाचा वर्ग, तिनाचा वर्ग.
ते मला पायरी उतरताना कळलं.

काल बाबांना धक्क्यावर घेऊन गेले.
मोतीबिंदूमुळे त्यांना बार्ज म्हणजे नुसता डाग.
"किती राहिलं गो?"
"त्र्याहत्तर."
"म्हणजे माझ्याएवढं."
थोडा वेळ गप्प.
"पुढच्या महिन्यात मला चौऱ्याहत्तर.
त्याला दोनाने जातो ना भाग?"
"जातो. सदतीस दुणे."
त्यांनी मान हलवली, जणू कुणी भाव सांगितला.
मग म्हणाले, चल,
पोदेर जायच्या आत पाव घेऊ.