बॉनेटवर बिबड्या

दहानंतर पाना हातात धरवत नाही
म्हणून आम्ही पाचलाच अंगणात.
पारोळ्याचा मे महिना.
चारी चाकांना विटा, आणि मधे अप्पांची अँबॅसिडर,
बारा वर्षं धुळ्याच्या फेऱ्या मारून
गेल्या पोळ्यापासून गप्प.

अप्पा खाटेवर.
तीस वर्षं डेपोत बसगाड्यांच्या पोटात हात घातलेला माणूस.
आता चहाचा कप
बशीवर आधी वाजतो, मग टेकतो.
म्हणून पाना माझ्याकडे.

"पहिले बॅटरी. मंग पानी. मंग बॉनेट.
घाई करशी ते बोल्टनं डोकं खाशी."

बॉनेट चार बोल्टांत सुटलं.
मी आणि इस्माईल पिंजारीनं ते भिंतीला टेकवलं
आणि वळून बघतो तर
आईनं ते आडवं घालून, वर धुतलेलं धोतर अंथरून
ज्वारीच्या बिबड्या थापायला घेतलेल्या.
"पत्रा चांगला तापस," ती म्हणाली,
आणि विषय संपला.

रेडिएटरचे बोल्ट हिंगाच्या डबीत,
माउंटिंगचे चहाच्या डब्यात,
स्टार्टरचे माझ्या शाळेतल्या कंपासपेटीत.
"मानूस भुलस. डबा नही भुलस."

शेवटी एक उरला.
गिअरबॉक्सच्या वरच्या अंगाला, पार मागं,
इस्माईलच्या मोबाइलचा उजेडही जिथं वळत नव्हता.
अप्पांनी डोळे मिटले.
"पाहू नको. कोपर वर ले. मनगट मोड.
आते बोटले इचार."
बोटाला विचारलं.
बोट म्हणालं, आहे.
अंगठ्याची साल गेली, आणि मग कुर्र.
खाटेवर अप्पांची मूठ
डावीकडे वळलेली होती, माझ्याही आधी.

हिलाल नानांची तिकाटी,
जिनं तालुकाभरच्या विहिरींतून मोटारी वर काढल्या,
ती आज मोटारीवरच उभी.
साखळी कडकडली. वीतभर. दोन वीत.
नाना कपाळ पुसत म्हणाले,
"इहीरमा निदान पानी तरी दिसस."

इंजिन निघालं
तेव्हा गाडीचं नाक आपोआप वर आलं, चार बोटं,
भारा उतरल्यावर बाईची मान येते तसं.
कुणी काही बोललं नाही.
खाली तेलाचे थेंब पडले.
कोंबडीनं एकाला चोच लावून पाहिली, सोडून दिलं.

रात्री धाब्यावरून खाली पाहिलं
तर अप्पा इंजिनच्या जागी उभे.
पाय अंगणात, कमरेभोवती गाडी,
हात दोन्ही मडगार्डांवर पसरलेले.
मी वरूनच विचारलं, काय झालं?
"काही नही. अठे गार वाटस."

मग हात लांबवून
बॉनेटवरची एक बिबडी, खालून अजून ओली,
त्यांनी मोडली.
माझ्या शेजारच्या वाकळीतून,
डोळेही न उघडता, आई:
"मोजेल शेतस त्या."