वीस घरं

सेलूच्या मोंढ्यात, बियाण्याच्या दुकानावर,
सव्वीस वर्षं मी एकाच काळ्या पडद्यासमोर बसले.
हिरवी अक्षरं. माऊस नाही.
एफ फोर म्हणजे रोजमेळ, एफ सेव्हन म्हणजे खतावणी,
आणि दोनदा एस्केप दाबलं की घरी.

मराठीत चालतं म्हणून घेतलेलं.
ज्यानं लिहून दिलं तो नांदेडचा माणूस
आधी स्वतः फोन उचलायचा,
मग त्याची बायको उचलायची,
आता तो नंबरच अस्तित्वात नाही.
तरी एक एप्रिलला नवं वर्ष उघडलं
की दरक सर पेढे मागवायचे,
एक त्या माणसाच्या नावानं बाजूला ठेवायचे.
तो संध्याकाळी मीच खायचे.

जीएसटी आला, ठिगळ लावलं.
ई-इन्व्हॉइस आलं, ठिगळाला ठिगळ.
पुढं कापडच उरलं नाही.

मग तौफिक आला, जिंतूरचा, बी.कॉम.
"मॅडम, आता सगळा डेटा वर राहणार."
वर म्हणजे कुठं, मी छताकडं पाहिलं.
पाल होती.

तेरीज पहिल्या झटक्यात जुळली.
तो चकित झाला. मला काय त्याचं,
मी दर शनिवारी जुळवूनच उठत होते.
मग म्हणाला, "ही नावं अशी काहून तुटलीत?"

जुन्यात नावाला वीस घरं होती, बाळा.
काना एक घर खायचा, वेलांटी एक,
पाय मोडला तर त्याचंही भाडं.

विश्वंभर आप्पाराव हल
शेख मेहबूब शेख दस्तग
नृसिंह जिनिंग अँड प्

हलगे एकदा भांडायला आले होते,
"माझा गे कुठं गेला?"
मशीनमध्ये मावला नाही, म्हटलं.
चहा पिऊन गेले. पुढं चेकवरसुद्धा
तेवढीच सही करायला लागले, बँकेनं दोन परत पाठवले.

नव्यात दोनशे घरं.
"लिहा मॅडम, जागा आपलीच हाय."
तीन दिवस फोन लावून मी शेपट्या गोळा केल्या.
कुणाचा मुलगा बोलला, कुणाची सून.
दोघं वारले होते.
त्यांचंही नाव आधी पुरतं लिहिलं,
मग खातं बंद केलं.

खाते तीनशे सतरा, सरकीची ढेप, मानवत रोड:
सौ. गोदावरीबाई भ्र.
आणि विसावं घर मोकळं.

"भ्र.च्या पुढं कोणाचं नाव घालू, बाई?"
मागं ढेपेची पोती उतरत होती,
कुणीतरी मोजत होतं, बावीस, तेवीस.
"कोण इचारायलंय?"
नवं सॉफ्टवेअर.
"जुन्यानं तर कधी इचारलं न्हाई."
पंचवीस. सव्वीस.
"त्यो हैदराबादला गेला त्याला अठरा वर्षं झाली.
बापाचं घाला. लिंबाजी."

बरं, म्हटलं.

"आन् ते म्होरलं सौ.?
ते बी मशीनच टाकतंय का?"

नाही बाई. ते मी टाकलं होतं.
तुमच्या गळ्यातली पोत बघून,
पहिल्या दिवशी, न विचारता.

फोनवर नुसती पोती पडत राहिली.
"ऱ्हाऊ द्या," म्हणाली, मग म्हणाली,
"न्हाई, काढाच."

मी बॅकस्पेस दाबत गेले. टिंब, र, पाय, भ.
मग पुढच्या टोकाला जाऊन स ला धरलं.
गोदावरीबाई लिंबाजी. सेव्ह.
पडद्यावर हिरवी खूण आली,
जुन्या हिरव्यापेक्षा जरा फिकी.

तौफिकनं जुनी पेटी बंद केली,
मागचं डोंगल काढून माझ्या हातात दिलं.
गरम होतं अजून.
पर्स घेतली, उठताना सवयीनं
दोनदा एस्केप दाबलं.
काहीच झालं नाही.