बुटाची नाडी

रोज सकाळी साडेसातला
फेटलर बेटावरून माझ्या स्क्रीनवर आकडे येतात.
एकशे बावीस, अठ्ठ्याहत्तर. ठोके अठ्ठावन्न.
मॅग्नी विल्यमसन, वय एक्याऐंशी.
हिरवा ठिपका.
पुढचा पेशंट.

आकडा हिरवा असला
की डॉक्टरचं मन गाईसारखं खाली बसतं,
रवंथ करू लागतं.

फेब्रुवारीत त्याच्या छातीला कान लावला होता
तेव्हा आत कुणीतरी
लाकडी फळ्यांवर पोतंभर बटाटे ओतत होतं.
मग वारं सुटलं, बोटी बंद झाल्या,
टपालाच्या खोक्यातून रक्तदाबाचा पट्टा त्याच्या घरी गेला
आणि बटाटे ओतायचे थांबले.
गोळी लागू पडली, असं मी लिहूनही टाकलं.

मंगळवारी व्हिडिओवर भेटलो.
पहिली चार मिनिटं नुसतं छत.
मग एक कान.
मग मॅग्नी, हनुवटीपासून वर, केस ओले करून विंचरलेले,
पासपोर्टच्या फोटोला बसावं तसा.
"श्वास?"
"चालू आहे."
"झोप?"
"लागते."
कुठे लागते, हे विचारायचं मला सुचलं नाही.
"पाय सुजतात का?"
"कुणाचे, माझे की मेंढ्यांचे?"
हसलो दोघं. त्याचं हसू अर्धा सेकंद उशिरा पोचलं.
तेवढ्या फटीत माणसाला
बरंच काही सरकवून ठेवता येतं.

तितक्यात कुत्रीनं टेबलाला धडक दिली.
फोन पडला, शेगडीजवळ, आडवा,
आणि मला त्याचे बूट दिसले.

नाड्या सुटलेल्या.
नाही, सोडलेल्या.
दोन्ही बूट जिभा बाहेर काढून धापा टाकत होते
आणि काठांवरून घोटे
फुगलेल्या पिठासारखे उतू चालले होते.
मागे खुर्ची. खुर्चीत उश्या, एकीवर एक, तीन.
म्हणजे हा माणूस बसून झोपतो.

"मॅग्नी, फोन उचलू नकोस."
"का?"
"नाडी बघतेय तुझी."

शेगडीचा आवाज. कुत्रीची नखं फरशीवर.
"तो पट्टा," मी विचारलं, "कुणाच्या दंडाला बांधतोस?"
बराच वेळ बूटही हलले नाहीत.
"लाउरीच्या. शेजारचा. सतरा वर्षांचा आहे,
अंडी द्यायला येतो. गुणी पोर, कुरकुरत नाही."

तीन आठवडे मी
एका धडधाकट पोराची काळजी वाहत होते.

"खरे आकडे धाडले असते तर
तू मला लेरविकला नेऊन टाकलं असतंस.
मेंढ्या व्यायला आल्यात, डॉक्टर.
एखादी अडली तर तिला काय, स्क्रीनवर सोडवायची?"

दुपारच्या बोटीने गेले.
त्याच्या नडगीवर अंगठा दाबला, उचलला,
खड्डा तसाच राहिला,
ओल्या वाळूतही इतका वेळ राहत नाही.
पट्टा त्याच्याच दंडाला बांधला.
एकशे अडुसष्ट. ठोके एकशे चौदा, तेही मनाला येईल तसे.
लाल ठिपका.
लाल, पण त्याचा.
बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली.

शुक्रवारी लेरविकच्या वॉर्डात डोकावले.
पाच किलो पाणी उतरलेलं, नाकात नळी,
आणि मॅग्नी फोनवर खेकसत होता:
"लाउरी, तुझं तोंड काय दाखवतोस!
खाली धर. अजून खाली.
हं. आता हात घाल,
आणि डोळे मीट. बघू नकोस.
बोटांना काय लागतंय ते सांग."

अख्खा वॉर्ड गप्प झाला.
नर्स औषधांची ट्रे धरून उभी.
पडद्यावर नुसता अंधार, पेंढा,
आणि एका पोराचा श्वास, अर्धा सेकंद उशिरा:

"खूर. एकच खूर लागतोय.
दुसरा... थांब...
थांब जरा."