सूर्यफुलाचं तेल

हिसार्याच्या गरम झऱ्यांपाशी
पुरुषांचा वार मंगळवार.
बाय स्तोइमेन आला. शर्ट काढताना
उजवा हात खांद्याच्या वर जाईना.

मी बाटल्या मांडल्या. सवयीने विचारलं, कुठलं घालू?
लव्हेंडर हुंगून म्हणाला,
झोप येते याने, झोपायला मी पैसे देत नाही.
पुदिना: थंडी वाजते.
जुनिपर: याची दारू बरी लागते.
मग मी ती काढली, कापसात गुंडाळलेली,
बोटाच्या पेराएवढी,
जिच्या एका थेंबाचे मी
पाच लेव्हा जास्तीचे घेते.

"गुलाब नको," तो म्हणाला.
"अडतीस मे महिने गोण्या वाहिल्या मी.
पहाटे चारला, दव सुकायच्या आत, भट्टीपर्यंत.
साडेतीन हजार किलो फुलं,
तेव्हा कुठे किलोभर तेल.
ती सगळी याच खांद्यावरून गेली.
आता थेंबथेंब करून
परत चढवू नकोस."

मी हसले. तो हसला नाही.
बूच मात्र मागून घेतलं,
नाकाशी नेलंही नाही, लांबूनच एकदा फिरवलं.
"कुणी दिलं हे तुला?
निम्म्याहून जास्त जिरेनियम आहे, पोरी."

पाच वर्षं.
लग्नाच्या आदल्या दिवशी आलेल्या मुली.
आणि येलित्सा, पहिल्याच थेंबाला रडू फुटलेली:
हाच, माझ्या आईच्या कपाटातला वास हाच.

मी काही बोलले नाही.
मागच्या चुलीपाशी होतं ते सूर्यफुलाचं तेल आणलं,
वाटीत कोमट केलं.
खांद्याच्या पात्याला, आतल्या कडेशी गाठ होती
जर्दाळूच्या बीएवढी,
अंगठ्याखालून निसटणारी.
चाळीस मिनिटं आम्ही दोघं
तिचीच समजूत काढत होतो.
वास कशाचाच नव्हता.
होता तो पाण्यातल्या गंधकाचा, थोडा.

जाताना हात कानापर्यंत गेला.
टोपी त्याने स्वतः घातली,
काढली, आणि पुन्हा घातली.

बुधवार बायकांचा.
येलित्सा आली, पालथी झाली, डोळे मिटले.
"नेहमीचंच," म्हणाली.
कापूस उलगडला. बूच काढलं.
मला आता त्यात जिरेनियमच येतं, दुसरं काही नाही.
तळहात घासून ऊब आणली,
एक थेंब घेतला,
आणि पैसे न वाढवता
आणखी एक.