नानुलीच्या चिठ्ठ्या

कुताइसीच्या बाजारामागे नानुलीचं दुकान :
एक चाक, एक भट्टी, उधारीची वही.
प्रत्येक वाडग्यात ती चिठ्ठी ठेवते –
‘याचा काठ जरा कललाय.
बहिणीचा फोन आला होता.’
‘हा निळा ठरवलेला नव्हता.
आवडला, राहू दिला.’

बटुमीचा हॉटेलवाला आला.
दोनशे वाडगे हवेत, सगळे सारखे,
चिठ्ठ्या नकोत.
पैसे आगाऊ.
तिनं त्याला चहा पाजला
वाकड्या कानाच्या कपातून,
आणि नाही म्हणाली.

रात्री विजेचं बिल उघडलं,
वाचलं, पुन्हा घडी घातली.
भट्टी अजून कोमट होती.
कागदाचा तुकडा ओढून
उद्याच्या पहिल्या वाडग्यासाठी लिहिलं –
‘आज हात स्थिर नव्हता.
कारण विचारू नका.
किंमत तीच.’