बरगे

शिरोलीच्या फौंड्रीत माझं टेबल कूलरच्या पाठीमागे,
जिथं वारा सोडून सगळं पोचतं.
काम सोपं. बाहेर जाणारी ईमेल
ठरावीक शब्दांवर आपोआप अडतात
आणि मी बघेपर्यंत अडून राहतात.
यादी मी केलेली नाही.
किंमत. ड्रॉइंग. राजीनामा. युनियन.
आणि सगळ्यात खाली, नंतर कुणीतरी भरलेला, तडा.

समोरच्याला फक्त ओळ जाते:
आपल्यासाठी एक संदेश आहे. मजकूर तपासणीनंतर मिळेल.

अकाउंट्समधल्या बाईंनी धाकट्या बहिणीला लिहिलं होतं,
तू माझी किंमत केली नाहीस.
तीन दिवस अडलं ते. सुट्टीवर होते मी.
सोडताना स्क्रीनवरून नजर काढून घेतली,
दार न वाजवता कुणाच्या खोलीत शिरल्यासारखी.
अजून त्या बाई जिन्यात दिसल्या
की मीच आधी बाजूला होते.

आज शुक्रवार. सहा चाळीस.
धनपाल मगदूम, क्वालिटी. जाणार चाकणला.
लॉट ४१७. अकरा ब्रॅकेटांत तडा.
डाय लावून बघितलाय, फोटो जोडलाय. बसवू नका.
फोटोत पांढऱ्या पावडरवर तांबडी रेघ,
मांजराची नखी ओढल्याएवढी.

वाकसकर साहेबांनी उभ्या उभ्याच वाचलं.
"राहू दे. सोमवारी बघू."
सोमवारी आमची साप्ताहिक सुट्टी.
चाकणला ते माहीत नसेल.
साहेबांना आहे.

फोन आला तिकडून, एका मुलीचा:
"मॅडम, तुमचा मेल आलाय, पण आत काहीच नाही."
"बघतो मी," म्हटलं.
आमच्याकडे पोरी असंच बोलतात. ती हसली.
मीही हसले, आणि फोन ठेवल्यावर
खिडकीतून खाली बघितलं.
ट्रकवर ताडपत्री ओढत होते.
नऊला निघाला तर दहाच्या आत किणी टोलनाका पार.

बाबा पाटबंधाऱ्यात होते. भोगावतीच्या बंधाऱ्यावर
दसरा झाला की बरगे घालायचे,
दोन रांगांच्या मध्ये माती ठासायची,
आणि मृगाच्या आत सगळे काढून काठावर रचायचे.
अडवण्यात वाईट काही नाही, म्हणायचे,
ऊस त्याच्यावरच उभा आहे.
फक्त घालणाऱ्याला काढायची तारीख ठाऊक पाहिजे.
नाहीतर पाणी बंधारा फोडत बसत नाही.
बगलेनं जातं, कुणाचंतरी रान खात.

एका वर्षी पाणी लवकर चढलं. ऑर्डर आली नव्हती.
इंजिनिअर कोल्हापुरात, फोन लागेना.
बाबांनी आकडा घेतला आणि एकट्यानं चौदा बरगे काढले.
पंधरावा वाहून गेला.
त्या एका फळीचे पैसे पगारातून कापले,
आणि ती पावती त्यांनी
शेवटपर्यंत पाकिटात ठेवली, रेशनकार्डाच्या मागं.

माझ्या हातात आकडा नाही. माऊस आहे,
त्याचं डावं बटण जरा अडकतं.
स्क्रीनवर दोन चौकोन: सोडा. रोखून ठेवा.
खाली बारीक अक्षरात: आपली कृती नोंदवली जाईल.
मला घराचा हप्ता आहे. हेही नोंदवून ठेवते.

सात दहाला मगदूम दारात.
हेल्मेट काखेत, बोटांना तांबडा रंग तसाच.
आत आला नाही.
"गेलं न्हवं?"

"गेलं," म्हटलं.

मान हलवून वळला.
जिन्याच्या बावीस पायऱ्या आहेत आमच्या,
लोखंडी, प्रत्येक पायरी वाजते.
मी मोजत होते.
तो खाली पोचायच्या आत
मला ते खरं करायचं होतं.